गोलपोस्टमागचा आवाज

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, दादाला नाही, देवापुढे हात जोडतानासुद्धा हा विषय शिताफीनं टाळत आलो. खरं तर — थांबा, पहिल्याच ओळीत खोटं नको. गेल्या बुधवारी एका माणसाला सांगितलं, आणि गुरुवारी आणखी सहा जणांना. पण त्याआधीची नऊ वर्षं कुणालाच नाही.

क्लबच्या स्मरणिकेसाठी लेख हवा म्हणून सेक्रेटरी दुकानात येऊन बसले होते. विनूअण्णा, तुमच्याइतके सामने हुबळीत कुणी बघितले नाहीत, तुमच्या आवडत्या खेळाडूंवर चार पानं लिहून द्या, असं म्हणाले. मी खूश झालो. कोण होणार नाही? रात्रीपर्यंत डोक्यात तीन नावं ठरलीसुद्धा. ती तिन्ही नावं मी आता बाजूला ठेवतोय. लेख एकाच खेळाडूवर होईल, आणि तो माझा आवडता होता असं म्हणायचा हक्क मला आहे की नाही, ते शेवटी तुम्ही ठरवा.

तुमच्यातले काही जण पेठेबाहेरचे असतील, म्हणून आधी ओळख. दाजीबानपेठेत आमचं शर्टिंग-सूटिंगचं दुकान आहे. दादा गल्ल्यावर बसतो, मी माल दाखवतो. क्लब निघाला तेव्हा आमच्या वडिलांनी, अप्पांनी, दुकानातला एक न खपलेला लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा तागा खेळाडूंच्या शर्टांसाठी देऊन टाकला, आणि तेव्हापासून आमच्या टीमला सगळं गाव पट्टेवाले म्हणतं. न खपलेल्या कापडाची टीम म्हणून धारवाडचे लोक अजून चिडवतात. चिडवू देत. त्याच शर्टांत आम्ही त्यांना किती वेळा हरवलंय ते त्यांना पाठ आहे.

दुकानाबाहेर एक फळा आहे. पूर्वी त्यावर ‘नवीन माल आला आहे’ असं लिहायचे. माल नवा असो की जुना, वाक्य तेच. मग एका सोमवारी मी गंमत म्हणून त्यावर आदल्या दिवशीच्या सामन्यातल्या अकरा जणांची नावं लिहिली आणि प्रत्येकापुढे दहापैकी गुण. झालं, रीतच पडली. दर सोमवारी सकाळी दुकानं उघडायच्या आधी पेठेतली माणसं चहाचे ग्लास घेऊन फळ्यासमोर उभी राहायची. खेळाडूही यायचे — मुद्दाम नाही, सहजच इकडून चाललो होतो अशा चेहऱ्यानं. जुन्या हुबळीतला पोरगा नवनगरला कामाला जाताना दाजीबानपेठेतून सहज कसा जाईल? पण मी कधी विचारलं नाही.

गुण देण्यात मी कडक होतो. आठच्या वर कधी कुणाला दिले नाहीत. आमच्या एका फॉरवर्डला सलग पाच रविवार तीन दिले होते. सहाव्या रविवारी त्यानं दोन गोल मारले आणि सोमवारी सायकल टेकवून फळ्यासमोर उभा राहिला. मी सहा दिले होते. सात तरी पाहिजे होते, असं तो म्हणाला. पहिला गोल ऑफसाइड होता, असं मी म्हणालो. त्यावर तो हसला, कारण होताच ऑफसाइड. माझी नजर चुकत नाही असं लोक म्हणायचे, आणि खोटं कशाला सांगू, मलाही ते पटलेलं होतं.

आता मिलिंद. मिलिंद आमचा गोलकीपर. नवनगरला राहायचा, धारवाडच्या एका कॉलेजात लॅबमध्ये अटेंडर होता. उंच नव्हता — गोलकीपरला जेवढी उंची पाहिजे त्याला चार बोटं कमीच. पण बॉल कुठे येणार हे त्याला मारणाऱ्याच्या आधी कळायचं. उगाच उड्या मारायचा नाही. आधीच तिथे जाऊन उभा असायचा, आणि बॉल येऊन त्याच्या हातात बसायचा. बघणाऱ्याला वाटायचं, सोपाच होता की! मी त्याला नेहमी सात द्यायचो. आठ द्यायला हवे होते. पण पेठेला उड्या आवडतात, आणि मला पेठ.

त्याच्यापुढे स्टॉपरला बसू खेळायचा. बसवराज, पण त्याला त्या नावानं हाक मारणारी फक्त त्याची आई. आडदांड गडी, आवाज मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. बॉल बाहेर जात असला की तो मिलिंदला ओरडून सांगायचा, ‘बिडलेऽ’ — म्हणजे कन्नडमध्ये, सोड रे. मिलिंद हात मागे घ्यायचा, बॉल बाहेर जायचा, गोलकिक आम्हाला. दोघांचं इतकं जमलं होतं की मिलिंद मान वळवूनसुद्धा बघायचा नाही. सामना संपला की दोघं एकाच मोटारसायकलवरून जायचे.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावर आहे. आमच्या टीमची मैदानातली भाषा कन्नड. अकरात दोन-तीन मराठी असतील, पण आत गेलं की सगळे कन्नड. बाहेर उभे राहून ओरडणारे आम्ही पेठेतले, आम्ही मराठी. कोचनं पहिल्या दिवसापासून सांगून ठेवलेलं — मराठी ऐकू आलं तर ते बाहेरचं आहे, कानावर घ्यायचं नाही. कन्नड ऐकू आलं तर आपल्या माणसाचं. मिलिंद घरी मराठी बोलणारा, पण गोलमध्ये उभा राहिला की त्याला मराठी जणू कळायचंच नाही. मी पाठीमागून त्याला किती वेळा शिव्या घातल्यात! एकदाही वळला नाही.

आणि दुसरी गोष्ट. मला बसूची नक्कल करता यायची. चहाच्या ठेल्यावर मी पोट पुढे काढून, हात पसरून ‘बिडलेऽ’ ओरडलो की माणसं हसून लोळायची. एकदा बसूनं स्वतः ऐकलं आणि म्हणाला, हे माझ्यापेक्षा बरं आलंय. मला त्याचा अभिमान होता. कशाकशाचा अभिमान असतो माणसाला!

आता तुम्ही ओळखलं असेल. तरी मला सांगू द्या. नऊ वर्षं लोकांनी ओळखू नये म्हणून धडपडलो, आता तुम्ही ओळखलंत म्हणून सुटका करून घेणार नाही.

धारवाडशी फायनल होती. शेवटची दहा मिनिटं, गोल शून्य-शून्य. मी नेहमीच्या जागी, आमच्या गोलच्या मागे, डाव्या पोस्टला लागून. आमच्या मैदानाला कुंपण नाही, माणसं रेषेपर्यंत येऊन उभी राहतात. त्यांच्या विंगरनं तिरका बॉल मारला. जोरात नव्हता. घरंगळत, एक टप्पा घेत येत होता. मिलिंद खाली वाकला, हात पुढे. बसू मागून धावत होता. आणि माझ्या कोनातून मला स्पष्ट दिसलं की हा बाहेर जातोय. शंकाच नाही. मिलिंद उगाच हात लावतोय, कॉर्नर देऊन बसेल. माझी नजर चुकत नाही, नाही का?

मी ओरडलो, ‘बिडलेऽ.’

कन्नडमध्ये का ओरडलो? देवाला माहीत. दिवसभर दुकानात निम्मं गिऱ्हाईक कन्नड, जीभ कधी इकडे, कधी तिकडे. हुबळीत कुणाला विचारलं, आत्ता कुठल्या भाषेत बोललास, तर त्याला आठवावं लागतं. पण नुसतं कन्नड असतं तर मी स्वतःला माफ केलं असतं. तो माझा आवाजच नव्हता. तो चहाच्या ठेल्यावरचा आवाज होता, बसूचा, हुबेहूब.

मिलिंदनं हात मागे घेतले. बॉल पोस्टच्या आतल्या बाजूला लागला आणि हळूच आत गेला. जाळीपर्यंतसुद्धा पोचला नाही, मध्येच थांबला.

हे सगळं घडायला फार तर तीन सेकंद लागले असतील. आणि मी तुम्हाला छातीवर हात ठेवून सांगतो, इथवर तो अपघात होता. ओरडणं हे प्रेक्षकाचं कामच. तेव्हाच पुढे होऊन, अरे, मी ओरडलो, असं म्हणालो असतो तर? शिव्या पडल्या असत्या. महिनाभर कुणी चहाला बोलावलं नसतं. मग सगळे हसले असते, आणि आज तो पेठेतला एक किस्सा असता.

मिलिंद उठला आणि बसूकडे वळून म्हणाला, तू ‘बिडले’ म्हणालास. बसूनं आईची शपथ घेतली, मी तोंड उघडलं नाही. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग मिलिंद मागे वळला. पहिल्यांदाच. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यानं गोलमागच्या माणसांकडे बघितलं, एकेकाच्या चेहऱ्यावरून नजर फिरवत. ती माझ्यापर्यंत यायच्या आत मी खाली वाकलो आणि चपलेचा पट्टा सारखा करायला लागलो. पट्टा नीटच होता.

सामना आम्ही तिथेच हरलो. धारवाडकरांनी पेढ्यांचे बॉक्स आधीच आणून ठेवले होते, सगळ्यांना वाटले. मीही एक खाल्ला. न खाऊन करतो काय, कुणीतरी बघितलं असतं ना!

आता सोमवार. हाच तो सोमवार ज्याविषयी मला बोलायचंच नव्हतं.

पेठ चिडलेली होती आणि सकाळपासून एकच चर्चा. मिलिंद म्हणतो, आवाज आला. बसू म्हणतो, मी ओरडलोच नाही. मग कोण ओरडलं? हा प्रश्न चहाच्या ग्लासांवरून माझ्या दिशेनं सरकतोय असं मला वाटायला लागलं. कुणी माझ्याकडे बघतही नव्हतं, पण मला वाटत होतं. हुबळीत बसूची नक्कल करणारा मी एकटाच, हे एकालाही आठवलं असतं तर? म्हणून मी खडू घेतला. बाकी दहा जणांचे गुण लिहिले आणि शेवटी लिहिलं — ‘गोलकीपर मिलिंद : दोन. आकाशवाणी ऐकण्यात पैकीच्या पैकी.’

काय हसली पेठ! माझ्या सगळ्या आयुष्यात मी इतका मोठा विनोद केला नाही. प्रश्नच संपला. आवाज कुणाचा हे कुणी विचारेना, कारण आवाज आलाच नव्हता, नाही का? बुधवारपर्यंत ते नाव धारवाडला पोचलं. मिलिंद कुणासाठीच मिलिंद उरला नाही. आकाशवाणी झाला. मैदानावर पोरं हात तोंडाशी धरून, हॅलो हॅलो, करायची. पेठेतल्या दुकानदारानं फळ्यावर लिहिलं ते खरं, आणि लॅबमध्ये बाटल्या धुणाऱ्यानं सांगितलं तो बहाणा. कुणी असं बोललं नाही. बोलावं लागलंच नाही. आणि हे मला तेव्हाही कळत होतं.

तुम्हाला वाटेल, झाला कबुलीजबाब. नाही झाला. अजून एक राहिलंय.

त्याच आठवड्यात, शुक्रवारी दुपारी, मिलिंद दुकानात आला. फळा वाचून झाल्यावर आत आला. मी एकटाच होतो, दादा जेवायला गेला होता. त्यानं विनोदाविषयी अवाक्षर काढलं नाही. काउंटरवर दोन्ही हात ठेवून म्हणाला, “अण्णा, आवाज आलता की हो. खरंच आलता. तुम्ही तिथंच हुता. तुम्हाला न्हाई ऐकू आला?”

विचार करा. सगळ्या हुबळीत ज्याला खरं माहीत आहे, नेमक्या त्याच माणसाकडे तो आला होता. साक्षीला. मला नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. मी ओरडलो एवढंही नको, आवाज आला होता इतकंच म्हणालो असतो तरी चाललं असतं.

मी समोरचं कापड घडी करत म्हणालो, “असेल रे. वाटतं तसं कधी कधी माणसाला.”

अगदी मायेनं म्हणालो. वडीलधाऱ्यासारखं. हे माझं पाप. गोल नाही, विनोदही नाही — हे वाक्य. त्यानं मान हलवली आणि गेला.

पुढच्या हंगामात तो उभा राहिला खरा, पण तो मिलिंद नव्हता. प्रत्येक बॉलला आधी बसूकडे बघायचा, मग पुढे यायचा, तोवर उशीर झालेला असायचा. बसूशी बोलणं बंद. अर्ध्या गावाचं म्हणणं, बसूच ओरडला आणि आता नाकबूल करतोय. उरलेल्या अर्ध्याचं म्हणणं मिलिंदविषयी होतं. मोटारसायकली दोन झाल्या. मी मिलिंदला चार दिले, तीन दिले, पुन्हा चार. त्या खेळाला तेवढेच गुण होते, मी काटेकोर दिले. काटेकोर! हंगाम संपायच्या आत त्यानं ग्लव्हज क्लबच्या खोलीत ठेवले आणि यायचा थांबला. त्यानंतर आमच्या गोलमध्ये बरेच जण उभे राहून गेले. सात घेणारा एकही नाही.

मग नऊ वर्षं मी काय केलं? काहीच नाही. दुकान केलं, फळा लिहिला, पोरीचं लग्न केलं. सुरुवातीला आठवण यायची, मग सवय झाली. मिलिंद कधी बाजारात समोरून आला तर आम्ही नमस्कार करायचो. तो आधी करायचा.

यंदा टीम चांगली आहे. उगाच म्हणत नाही, मी कडक आहे ते तुम्हाला माहीत आहे. मधल्या फळीत आता डोकं आहे, डावीकडून पळणारा पोरगा मान वर करून पास द्यायला शिकलाय, आणि कित्येक वर्षांनी आम्ही शेवटच्या चारांत, म्हणजे सेमीफायनलला, येऊ असं दिसतंय. एकच भोक आहे. इरफान, आमचा गोलकीपर. हात सोन्याचे, पण रेषा सोडायला तयार नाही. उंच बॉल आला की खिळून उभा. त्याला शिकवणारं कुणीतरी पाहिजे, असं कमिटीत ठरलं. एकानं मिलिंदचं नाव घेतलं. नवनगरला तो शाळेच्या पोरींना गोलकीपिंग शिकवतो, त्याची एक पोरगी जिल्ह्याच्या टीममध्ये गेली, असं म्हणाला. मग कुणीतरी हसून, आकाशवाणी केंद्र पुन्हा सुरू करायचं काय, असं म्हणालं, आणि सगळे माझ्याकडे वळले. विनूअण्णा, तुम्ही सांगा, तुमची नजर.

बसूही तिथेच होता. तो आता कमिटीत असतो, पोट सुटलंय. तो खाली बघत होता.

मी म्हटलं, बघतो जाऊन. बुधवारी संध्याकाळी पाच वाजता स्कूटर काढली. तुम्हाला वाटेल, सांगायचं ठरवूनच निघालो असेन. छे. इरफानसाठी माणूस बघायला निघालो होतो. माझ्या डोक्यात इतकंच होतं की त्याला क्लबमध्ये परत आणलं की फिटलं सगळं, सांगायची गरज नाही. चलाखी बघा.

नवनगरच्या क्वार्टर्समागे मोकळं मैदान आहे, तिथे सहा-सात पोरी ग्लव्हज घालून उभ्या होत्या. मिलिंदचे केस मागे गेलेत, बाकी तसाच. तो एक विचित्र सराव घेत होता. एक पोरगी गोलमध्ये, दुसरी बॉल मारते, आणि तो गोलच्या मागे उभा राहून ओरडतो — सोड, जाऊ दे, बिडु, बिडले. कधी मराठीत, कधी कन्नडमध्ये, कधी आवाज बदलून. आणि काही झालं तरी पोरीनं बॉल धरायचाच. धरला की शाब्बास. सोडला की मैदानाला एक फेरी.

मी बाजूला उभा राहून बघत होतो. ह्या सरावाचं नाव काय, असं विचारायची माझी छाती झाली नाही.

सराव थांबवून तो आला. पाणी दिलं. मी इरफानचं सांगितलं, क्लबचं सांगितलं. तो ऐकत होता. मग सहज, अगदी हसत हसत म्हणाला की गोलकीपर शिकवायला तो बरा, पण त्याच्या स्वतःच्या कानांचा भरवसा नाही. त्या फायनलनंतर त्यानं दोनदा कान तपासून घेतले. एकदा हुबळीत, एकदा बेळगावला जाऊन. दोन्ही डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत. मग तर जास्तच भीती वाटली, म्हणाला. कान बरे, म्हणजे बिघाड आणखी कुठेतरी आत. अजूनही लॅबमध्ये सरांनी हाक मारली की तो पहिल्या हाकेला जात नाही. दारात जाऊन विचारतो, सर, मला बोलावलंत का? खरंच बोलावलंत? घरी बायको चिडते. पोरीनं अप्पा म्हटलं तरी दुसऱ्यांदा म्हणेपर्यंत थांबतो.

“वाटतं तसं कधी कधी माणसाला,” तो म्हणाला. “तुम्हीच म्हणालता की.”

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. नऊ वर्षं त्यानं माझं ते वाक्य औषधासारखं जपून ठेवलं होतं.

मग मी सांगितलं. कसं सांगितलं ते धड आठवत नाही. हातात पाणी होतं आणि प्यायचं सुचत नव्हतं. “ते बिडले मी म्हटलं होतं, मिलिंद. बसू नाही. मी.”

त्याला पहिल्यांदा कळलंच नाही. मग मी पुन्हा म्हटलं. पोरी बॉल घेऊन ताटकळल्या होत्या. मला वाटलं, आता हात उचलणार, आणि खरं सांगतो, उचलावा असंही वाटलं. तो चालत गोलकडे गेला, रेषेवर उभा राहिला, माझ्याकडे पाठ करून. आणि म्हणाला, “मागं जावा. त्या दिवशी जसं वराडला तसं वराडा.”

मी एकोणसाठ वर्षांचा माणूस, पेठेत मला चार लोक मान देतात. पोस्टच्या मागे जाऊन उभा राहिलो. पहिल्यांदा आवाज फुटलाच नाही. पोरी टक लावून बघत होत्या. दुसऱ्यांदा पोटातून काढला — बिडलेऽ.

मिलिंद हलला नाही. हात पुढे होते तसेच राहिले. खांदे तेवढे खाली आले.

“म्हणजे आलता आवाज,” तो म्हणाला. माझ्याशी नाही, स्वतःशीच. पुन्हा एकदा म्हणाला. मग खिशातून फोन काढून बायकोला लावला आणि तिलाही तेवढंच सांगितलं. आलता ग आवाज. कशाचा आवाज, ते तिला विचारावं लागलं नाही.

राग नंतर आला, आणि आला तो जोरदार. गोल खाल्ला ते एका रविवारात विसरलो असतो, म्हणाला. पण मी विचारायला आलो होतो ना तुमच्याकडे? दुकानात येऊन विचारलं ना? मी म्हटलं, हो. आणि आता मला एकट्याला इथे मैदानात येऊन सांगता, म्हणाला. फळ्यावरचं सगळ्या हुबळीनं वाचलं होतं, अण्णा. मी म्हटलं, हो. मग एका पोरीनं त्याला विचारलं, सर, हे कोण? तो म्हणाला, आपल्या गावचे जुने प्रेक्षक आहेत. आणि पुन्हा सराव सुरू केला.

त्यानं माफ केलं का? त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. विचारणार नाही.

गुरुवारी कमिटी बोलावली आणि सहा जणांसमोर सगळं सांगितलं, हेच, ह्याच क्रमानं. बसू उठला. माझ्यासमोर येऊन उभा राहिला, मला वाटलं, आता हा तरी देईल एक. त्यानं कन्नडमध्ये इतकंच विचारलं की मिलिंदचं घर अजून तेच आहे का. मी मान हलवली. तो चपला घालून तडक बाहेर पडला. मोटारसायकलचा आवाज पेठेच्या टोकापर्यंत ऐकू येत होता.

गेल्या रविवारी सामन्याआधी मिलिंद मैदानात आला. कोच म्हणून नाव घालू नका, महिनाभर बघतो, मग सांगतो, असं कमिटीला म्हणाला. इरफानला घेऊन तासभर कोपऱ्यात काहीतरी करत होता, बसू शेजारी पाण्याची बाटली धरून उभा. सामन्यात पहिला उंच बॉल आला तेव्हा इरफान रेषा सोडून पुढे आला, वर उडाला आणि हातातून निसटू दिला. बसूनंच मोठ्यानं शिवी दिली. दुसरा बॉल आला, इरफान पुन्हा पुढे आला. तो त्यानं धरला. मिलिंद टाळ्या वाजवत होता, दोन्ही वेळा. मी या वेळी आमच्या गोलमागे उभा नव्हतो, समोरच्या बाजूला उन्हात होतो, पण मला दिसलं.

नेहमीच्या ओळखीतले काही जण आता मला टाळतात. एकानं सांगितलं, अण्णा, कशाला उकरून काढलंत, सगळे विसरले होते. सगळे विसरले असतील. लॅबच्या दारात उभा राहून रोज विचारणारा विसरला नव्हता.

स्मरणिका मैदानावर वाटणार, दोन्ही गावांत जाणार. धारवाडच्या लोकांनीही वाचावं, त्यांच्याकडेही ते नाव मीच पाठवलं होतं. म्हणून जे फळ्यावर नऊ वर्षांपूर्वी लिहायला हवं होतं ते इथे लिहितो. त्या फायनलला आवाज आला होता. मिलिंदनं तो ऐकला, आणि बरोबर ऐकला. बसू ओरडला नव्हता. मी ओरडलो होतो, आणि मिलिंद मागे वळून बघत होता तेव्हा मला ते माहीत होतं.